शब्द झाला, हात नाही

‘ठेव’ या एवढ्याशा शब्दावरून त्या दिवशी भोपळ्याची आणि रेडिओची मारामारी व्हायची तेवढी राहिली.

घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली खाणीतले दांडगे गडी मांडी घालून बसले होते. सगळ्यांचे हात रिकामे, आणि रिकाम्या हातांचं करायचं काय हे एकालाही कळत नव्हतं. कुणी गुडघा खाजवत होता, कुणी तळहाताचे घट्टे नखानं उकरत बसला होता. समोर पहारतात्यांची मुलगी उभी होती. शाळेतली तात्पुरती नोकरी सुटून ती घरी आली तेव्हापासून तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. जे तिला कडेवर घेऊन फिरले होते, तेही मास्तरीणच म्हणायचे.

“घमेलं दगडावर ठेव, हे झालं पुट,” मास्तरीण म्हणाली. “आणि घमेलं तुझ्याजवळच ठेव, कुणाला देऊ नकोस, हे झालं कीप.”

“म्हणजे ठेवच की,” भोपळा म्हणाला.

“ठेवच. पण दोन्ही वेगळे. पुट केलं की काम संपलं. कीप केलं की सांभाळत बसायचं.”

“मग आधी माझी छिन्नी परत कर की रे!” रेडिओ उसळला. याला रेडिओ म्हणायचे, कारण तो झोपेतही बंद व्हायचा नाही. “दोन दिवसांसाठी म्हणून नेलीस, ती वर्षभर कीप करून बसलायस. बघा मास्तरीणबाई, याला पुट येत नाही, पण कीप कसं आतड्यातून येतंय!”

“छिन्नी कसली ती, दात कोरायची काडी!” भोपळा उठला. भोपळा उभा राहिला की छपराखाली अंधार व्हायचा.

“बसा रे!” कोपऱ्यातून पहारतात्या कडाडले. “शिकायला आलात की कोंबड्यांची झुंज लावायला?”

दोघं मुकाट बसले. तात्यांचा शब्द खाणीत कुणी मोडला नव्हता, इथंही मोडला नाही. तात्या स्वतः मात्र भिंतीला पाठ लावून, पहारीसारखे ताठ, लेकीच्या ओठांकडे टक लावून बसले होते. ड्रिल मशीनच्या शेजारी जन्म काढल्यावर कान राहतात कुठे? डावा पार गेलेला. उजवा मर्जी असेल तर चालायचा.

खाण बंद पडली होती. बंद पडली म्हणजे काय, बुडाली. तळाला कुठंतरी झरा फुटला आणि पाणी चढत राहिलं. मालकानं आधी पंप लावले, मग पंप उचलून नेले, मग स्वतःच येईनासा झाला. आता तिथं हिरवंगार तळं होतं, बघायला इतकं देखणं की बघणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. मालकाचा माणूस येऊन सांगून गेला होता, उन्हाळा संपायच्या आत खोल्या रिकाम्या करा. खोल्या खाणीच्या. खाण नाही तर खोल्या नाहीत, सरळ हिशेब.

शहराच्या तोंडाशी क्रेननं माल चढवायचं-उतरवायचं मोठं यार्ड झालं होतं. तिथं माणसं हवी होती. पण दहा मुलखांतले लोक एकत्र काम करायचे, म्हणून हुकूम सगळे इंग्रजीत. परीक्षा तोंडी नव्हती. साहेब कर्ण्यावरून हुकूम देणार, आणि माणसानं तो करून दाखवायचा. जो पास झाला तो कामावर, आणि जो पक्का झाला त्याला यार्डाच्या मागे बिऱ्हाडाची खोली. पक्क्या भिंती, दारात नळ, आणि मुख्य म्हणजे धूळ नाही.

ही धूळ नसलेली खोली मास्तरणीला आईसाठी हवी होती. आईनं खाणीत खडी फोडली होती, त्याची धूळ तिच्या छातीत जाऊन बसली होती. चार पावलं चालली की ती दाराची चौकट धरायची. डॉक्टर म्हणाले होते, औषधापेक्षा हवा बदला. हवा काय बाजारात मिळते? यार्ड हुकलं तर एकच दार उघडं होतं, ते मावशीचं. मावशीच्या नवऱ्याची पिठाची गिरणी होती, आणि राहायला जागा होती ती गिरणीच्याच मागच्या अर्ध्या भागात. दगडाच्या धुळीतून उठायचं आणि पिठाच्या धुळीत जाऊन पडायचं.

म्हणून मास्तरणीनं कंबर कसली होती. नुसतं पाठ करून भागणार नव्हतं, म्हणून तिनं छपराखाली खाणीतली हत्यारंच आणून टाकली होती. पहार, घण, दोर, घमेली.

“आता उचल,” ती म्हणाली. “पहारीचं एक टोक जमिनीवर राहिलं आणि दुसरं वर गेलं, तर रेझ म्हणा. अख्खी पहार जमिनीपासून सुटली, तर लिफ्ट. सोड तर नीटच ऐका. आपलं सोड एक आणि त्यांची तीन. ड्रॉप म्हणजे हातातून टाकून दे. लोअर म्हणजे दोर धरून हळू खाली सोड. लीव्ह म्हणजे आहे तिथंच सोड आणि बाजूला हो. चुकीचं सोड केलंत तर खालच्याचा पाय गेला म्हणून समजा.”

पायाचं नाव काढताच सगळे सावरून बसले. पुस्तकातलं त्यांच्या डोक्यात शिरायचं नाही, पण पाय कुणाचा कसा गेला हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मग उभं राहून सराव व्हायचा. मास्तरीण शब्द उच्चारायची, जरा थांबायची, मग हात वर नेऊन खाली टाकायची. हात खाली आला रे आला की सगळे गडी एका वेळी वाकायचे. लिफ्ट. रेझ. लोअर. महिन्याभरात असं झालं की चुकायला कुणी उरेना. भोपळासुद्धा चुकेना, आणि त्याचं त्यालाच नवल वाटायचं.

“हे काय मी म्हणतो,” मागून मेव्हणा हसायला लागला. हा चहावाल्याचा मेव्हणा. बहिणीकडे चार दिवस म्हणून आला होता, ते चार दिवस अजून संपले नव्हते. खाणीत त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. शिकायलाही यायचा तो सावलीसाठी. “बाई बोलल्या की उठायचं. हात कसला बघत बसता? चौकातला हवालदार आहे का?”

“खाणीत शब्दावर हलणारे सगळे वर गेले, पाव्हणं,” भोपळा म्हणाला. “त्या मशीनच्या आवाजात एकाला पूर्ण ऐकू येतं, एकाला अर्धं. एक ओढतो आणि दुसरा सोडतो. म्हणून शब्द झाला की नुसतं तयार व्हायचं. हात झाला की मग हलायचं, सगळ्यांनी मिळून.”

“माझा धाकटा भाऊ शब्दावर हलला होता,” तात्या म्हणाले.

मास्तरणीनं पुढचा शब्द घेतला. मेव्हण्याचं बोलणं कुणी मनावर घ्यायचं नसतं, तसं तिनंही घेतलं नाही. ती या खोल्यांतच वाढलेली. चुलीवरचं पातेलं दोघींनी मिळून उतरवायचं तरी आई ‘उचल’ म्हणायची, हात करायची, आणि मगच दोघी उचलायच्या. जगात सगळीकडे असंच उचलतात, असंच तिला वाटत आलेलं.

संध्याकाळी तात्या तिच्याकडून दुसऱ्या दिवशीचे शब्द आधीच शिकून घ्यायचे. चारचौघांत लेकीसमोर चुकायचं, आणि रेडिओनं ते गावभर वाजवायचं, हे त्यांना मरणापेक्षा जड होतं. खाटेवर उशांना टेकून आई बसलेली असायची.

“हिअर म्हणजे कानावर पडणं,” मास्तरीण तात्यांच्या उजव्या कानाशी मोठ्यानं सांगायची. “लिसन म्हणजे कान देऊन ऐकणं.”

तात्यांनी जरा विचार केला. “मग मला हिअर होत नाही. लिसन मात्र मी जन्मभर करत आलो.”

“माझं कधी केलंत?” आई म्हणाली.

“तुझं हिअर झालं तरी पुष्कळ होतं गं.”

आई हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेना. मास्तरीण पाठ चोळत राहिली. त्या पाठीची हाडं तिच्या तळव्याला एकेक करून लागत होती. तात्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तोंड दुसरीकडे वळवून पुटपुटत राहिले, लिफ्ट, रेझ, लोअर, लीव्ह. देवाचं नाव घ्यावं तसं.

परीक्षेच्या दिवशी सगळे धुतलेले कपडे घालून टेंपोत बसले. आईनं दारात उभं राहून बघितलं, चौकट धरून.

यार्डाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं एकेकाचे खिसे तपासले. रेडिओच्या खिशातून तंबाखूची डबी निघाली. पहारेकऱ्यानं ती दोन बोटांनी धरून मेलेल्या उंदरासारखी टोपलीत टाकली. रेडिओ हसला, पण त्याचा चेहरा पडला. मग डोक्यावर टोप्या दिल्या, प्लास्टिकच्या. भोपळ्याला एकही बसेना. शेवटी पहारेकऱ्यानं ती त्याच्या डोक्यावर थापटी मारून चढवली, आणि भोपळ्यानं ते मुकाट सोसलं. तात्यांच्या छातीवर कागदाचा नंबर चिकटवला. तात्यांनी तो वाकून बघितला आणि हळूच सरळ केला.

मास्तरणीला आत सोडलं नाही. ती तारेच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. आत फरशीवर पहारी, पेट्या, दोराला टांगलेली टोपली. उंचावर काचेची केबिन, काच काळी, बाहेरून आतलं काही दिसू नये अशी. केबिनच्या खाली कर्णा.

पहिल्या तुकडीत मेव्हणा होता, बाकीचे कुठले कुठले. कर्ण्यातून हुकूम आला, लिफ्ट. मेव्हण्यानं पहारीचं एकच टोक उचललं. चूक! मास्तरीण मनात म्हणाली. शेजाऱ्याकडे बघून त्यानं दुसरं टोकही उचललं. लोअर म्हटल्यावर त्यानं टोपली धाडकन सोडली, मग घाईनं दोर पकडला. निम्मं चुकला गाढव. पण कर्ण्यातून आवाज येतोय न येतोय तोच हलत होता. त्याला पलीकडच्या बाजूला उभं केलं, पास झालेल्यांच्या बाजूला.

हा पास होतो, तर आपले कसे नाही होणार! मास्तरणीनं कुंपणाची तार घट्ट धरली.

खाणवाल्यांची तुकडी पुढे आली. तात्या मधोमध.

“लिफ्ट द बार,” कर्णा म्हणाला.

कुणी हललं नाही.

“लिफ्ट द बार.”

सगळे उभे. कर्णा खरखरला. पुढचा हुकूम आला, रेझ. तेच. विसरले? महिनाभर घोकलेलं सगळेच्या सगळे विसरले? तिनं तात्यांकडे बघितलं. विसरलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ, बोटं उघडी. लिफ्टसाठी अंग जसं लावायचं तसं लावून ते तयार होते, सगळेच तयार होते. आणि सगळ्यांचे डोळे वर त्या काळ्या काचेवर.

ते हाताची वाट बघत होते.

आणि हे तिनंच त्यांना शिकवलं होतं. महिनाभर, रोज, प्रत्येक शब्दामागे हात करून.

“लोअर द बास्केट,” कर्ण्यातला आवाज आता वैतागला होता.

मास्तरणीनं कुंपणाबाहेरून हात वर केला आणि खाली टाकला. विचार करून नाही, हात गेलाच. तात्यांच्या, सगळ्यांच्याच नजरेच्या कोपऱ्यात तो पडला, आणि सगळे गडी एका वेळी हलले. टोपली अशी उतरली की आत पाणी असतं तर थेंब सांडला नसता. पुढचा हुकूम, तिचा हात, पेटी जागच्या जागी ठेवली. पुट. पुढचा हुकूम, तिचा हात, दोर धरून उभे. होल्ड. एकही चूक नाही. मास्तरीण रडत होती आणि हसत होती.

कर्णा बंद झाला. केबिनचं दार उघडून साहेब जिना उतरला आणि सरळ कुंपणाशी आला. मागून दोन पहारेकरी.

“तुम्ही बाहेरून खुणा करताय,” साहेब इंग्रजीत म्हणाला.

“नाही सर. म्हणजे हो, पण ती खूण नाही,” तीही इंग्रजीत म्हणाली. “कुठला शब्द आहे ते मी सांगत नव्हते. तो हात फक्त... आता करा म्हणून होता. शब्द त्यांना येतात.”

“येतात तर केलं का नाही?”

“ते थांबले होते.”

“कशासाठी?”

तिनं सांगितलं. खाण, मशीनचा आवाज, मुकादमाचा हात, तात्यांचा धाकटा भाऊ. पुट आणि कीपमधला फरक ती झोपेतून उठून सांगू शकली असती. हे सांगताना मात्र तिच्या इंग्रजीला धाप लागत होती. पलीकडे तात्या तिच्या ओठांकडे बघत होते. लेक साहेबाशी एवढं बोलतेय म्हणजे काहीतरी मोठं काम झालं, अशा समाधानानं बघत होते. ते बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “ठीक. त्यांना सांगा, इथं हात होणार नाही. आणखी एकदा घेतो. तुम्ही पाठ करून उभ्या राहा.”

मास्तरणीनं आत ओरडून सांगितलं, “हात होणार नाही! शब्द झाला की हला! लगेच हला!”

गडी एकमेकांकडे बघायला लागले. “शब्दावर?” भोपळ्यानं विचारलं, जणू तिनं अंगावरचे कपडे उतरवायला सांगितलं होतं. सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. रेडिओनं त्यांच्या कानाशी जाऊन तिचं म्हणणं सांगितलं. तात्यांनी मान हलवली, हो म्हणाले. मग मास्तरणीनं पाठ फिरवली. समोर रस्ता होता, एक कुत्रं सावली शोधत होतं.

“लिफ्ट द बार.”

खण्णकन लोखंड फरशीवर पडल्याचा आवाज आला, आणि मागोमाग भोपळ्याची किंकाळी.

तिनं वळून बघितलं. रेडिओनं उचललं होतं, भोपळा अर्धा वाकला होता, आणि तात्या वाकलेच नव्हते. पाय फाकून, बोटं उघडी ठेवून ते तसेच उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. लिफ्ट, लिफ्ट. शब्द येत होता, सगळं येत होतं. अंग ऐकत नव्हतं. पहार एका टोकानं निसटून भोपळ्याच्या अंगठ्यावर आली होती, आणि भोपळा एवढं मोठं धूड फरशीवर बसून लेकरासारखा पाय धरून हलत होता.

“मॅडम,” साहेब म्हणाला, “इथं लोड डोक्यावरून येतो. शब्द झाला की माणूस बाजूला झालाच पाहिजे. जो थांबेल तो मरेल. मला कुणाच्या बायकोला जाऊन सांगायचं नाही.”

तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. जाता जाता तो थांबला. केबिनमध्ये हुकूम वाचायला कुणीतरी हवं होतं. आधीची बाई सोडून गेली होती. तुमचे उच्चार स्वच्छ आहेत, तो म्हणाला. आधी बायकांच्या मोठ्या खोलीत एक खाट, आणि पक्की झाल्यावर बिऱ्हाडाची खोली.

परतताना टेंपोत रेडिओसुद्धा बंद होता. भोपळ्याच्या पायाला रेडिओचा पंचा बांधला होता. मेव्हणा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याला मागे बसायची लाज वाटली असावी, तेवढी लाज त्याला होती.

घरी आल्यावर मास्तरणीनं नोकरीचं सांगितलं आणि म्हणाली, “मी जाणार नाही. तुमच्या तोंडचा घास मी घालवला, आणि मीच जाऊन तिथं बसू?”

“मग काय सगळ्यांनी मिळून रस्त्यावर बसायचं?” तात्या म्हणाले. “तू पक्की झालीस की तुझी आई त्या खोलीत राहील. मी नाही लागलो, तू लागलीस. खोली तीच ना?”

“आणि पक्की होईपर्यंत?”

तात्यांना ते ऐकू आलं नाही, की त्यांनी लिसन केलं नाही, कोण जाणे. आई खाटेवरून म्हणाली, “होईपर्यंत गिरणीत राहू. पीठ काय दगड आहे?”

खोल्या रिकाम्या झाल्या. रेडिओ कुठं दूर रस्त्याच्या कामावर गेला, भोपळा लंगडत कुणाच्या तरी शेतावर. तात्या आणि आई मावशीकडे गेले. मावशीच्या नवऱ्यानं, गिरणीवाल्यानं, पहिल्याच दिवशी तात्यांना पोती वाहायला लावली. पाव्हणा म्हणून नाही, फुकट राहतो म्हणून. मावशी मान खाली घालून बसली.

केबिनमधून मास्तरणीला सगळं यार्ड दिसायचं. काच बाहेरून काळी आणि आतून स्वच्छ. बटण दाबायचं, समोरच्या कागदावरचा हुकूम वाचायचा, बटण सोडायचं. काम सोपं होतं, आणि ती ते चोख करायची. पक्कं करायचा कागद साहेबाच्या टेबलावर आला होता, सही तेवढी बाकी होती. आणि एका सकाळी साहेब म्हणाला, “आज डोंगरापलीकडच्या खाणीतली माणसं येतायत.”

ती खुर्चीतून वळली. “सर, त्यांना आधी एक गोष्ट सांगू द्या.”

“नाही. हलतात की नाही, हेच तर मला बघायचं असतं.”

“दोन शब्द फक्त.”

“मॅडम, तुम्ही इथं कुणाच्या बाजूनं बसलाय?” त्यानं शांतपणे विचारलं. टेबलावरचा कागद जरा सरळ केला.

खाली गडी रांगेत आले. धुतलेले कपडे. एकाची टोपी डोक्यात बसत नव्हती. मधे एक म्हातारा, गुडघ्यात थोडा वाकलेला, छातीवरचा नंबर चाचपत होता. यांचीही कुठंतरी खोल्यांची ओळ असेल, आणि ती रिकामी करायची असेल. कुणाची तरी बायको चौकट धरून उभी असेल. हे सगळं मास्तरणीला कळत होतं. कळत नव्हतं असं काहीच नव्हतं.

तिनं बटण दाबलं. “लिफ्ट द बार.”

पाय फाकले. गुडघे वाकले. बोटं उघडली. आणि सगळे डोळे वर काचेवर येऊन थांबले, थेट तिच्या तोंडावर, जरी त्यांना ती दिसत नव्हती.

हात नाही होणार, हला. एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, बटण अंगठ्याखाली होतं. शेजारी साहेब हातात पेन घेऊन उभा होता. गिरणीच्या मागच्या भागात आई आत्ता उठून बसली असेल, उशांना टेकून.

“रेझ द बार,” ती म्हणाली.

सगळे उभेच. म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला काहीतरी विचारलं, शेजाऱ्यानं मान हलवली. तिनं पुढचा हुकूम वाचला, त्याच्या पुढचा वाचला. उच्चार स्वच्छ होते. मग साहेबानं कागदावर रेघ मारली आणि ती म्हणाली, “नेक्स्ट.” गडी फाटकातून बाहेर जाताना तिनं बघितलं नाही. संध्याकाळी साहेबानं सही केली. खोली पावसाळा संपल्यावर मिळेल, म्हणाला, आधी इतर लोक रांगेत आहेत.

सुट्टीच्या दिवशी ती मावशीकडे गेली. आई भिंतीकडेला पडली होती, भुवयांवर पापण्यांवर पिठाचा थर. लेकीला बघून उठायला गेली, पण तिला उठवेना. “खोली झाली का गं?” तिनं विचारलं. पावसाळ्यानंतर म्हटल्यावर तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि मोजणं अर्धवट सोडून दिलं.

तात्या पोतं खाली ठेवून आले. तेही पांढरे, भुतासारखे. लेकीच्या पाठीवर हात ठेवायला गेले, हाताचं पीठ बघून मागे घेतला.

“डोंगरापलीकडची माणसं आली होती म्हणे यार्डात,” ते म्हणाले. “किती लागले?”

“एकही नाही, बाबा.”

तात्यांनी तळहातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, “तू होतीस ना वर? सांगितलंस ना त्यांना, हात होणार नाही म्हणून?”

“सांगितलं,” ती म्हणाली.

तेवढ्यात गिरणीवाल्यानं गिरणी सुरू केली. पत्रे थरथरायला लागले. तात्यांनी उजवा कान पुढे केला आणि तिच्या ओठांकडे बघितलं. “काय?”

“सांगितलं होतं, बाबा!” ती बेंबीच्या देठापासून ओरडली. “सांगितलं होतं! तरी नाही हलले!”

आता तात्यांना ऐकू आलं. त्यांनी मान डोलावली.

“मग तू तरी काय करणार,” ते म्हणाले, आणि पुढचं पोतं आणायला गेले.